शुक्रवारचं सीलंट, शनिवारची पूजा

पॉलिश गाडीचं रक्षण करत नाही. कॅनडातल्या ब्रॅम्पटन गावात हे वाक्य मी चार वर्षं रोज म्हणते आहे आणि रोज कोणीतरी माझ्याकडे संशयाने बघतं. ऑक्टोबर उजाडला की लोक गाडी घेऊन दुकानात येतात आणि म्हणतात, "थंडी येतेय, पॉलिश मारून द्या." थंडी वाजते म्हणून दाढी करून घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

तुमच्याकडे गाडीला ऊन, धूळ आणि पाऊस सोसावा लागतो. आमच्याकडे मीठ. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून नगरपालिका डिसेंबरपासून मार्चपर्यंत खडेमीठ पसरते, कधी मिठाचं पाणी फवारते, आणि चार महिने आमच्या गाड्या लोणच्यात घातल्यासारख्या मुरतात. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. पॉलिश म्हणजे बारीक खरवडणारी पेस्ट. ती त्या थराचा अगदी पातळ पापुद्रा काढते, ओरखड्यांच्या कडा बोथट करते, म्हणून गाडी चमकते. चमकते, पण उघडी पडते. तिच्यावर काहीतरी चढवावं लागतं. मेण चढवलं तर रूप छान येतं, पण दोन-तीन धुण्यांत आणि पहिल्या मिठात ते निघून जातं. सीलंट कारखान्यात बनतं, दिसायला साधं असतं, पण रंगाला घट्ट धरून बसतं. ऑक्टोबरात नीट लावलं तर बर्फ वितळेपर्यंत साथ देतं. त्याहून टिकाऊ लेपही मिळतात, पण 'आयुष्यभराची हमी' असं कोणी सांगत असेल तर कोणाच्या आयुष्याची, ते आधी विचारून घ्या.

सीलंटचं पथ्य एकच. लावल्यावर चोवीस तास त्याला पाणी लागता कामा नये. त्या चोवीस तासांत ते रंगावर सुकून घट्ट होत असतं. मधे जे काही त्यात पडेल, ते त्याच्याबरोबर हिवाळाभर राहतं.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का सांगते आहे, असं वाटेल. माझी घडणच तशी आहे. इचलकरंजीत आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा यंत्रमाग कामगारांसाठी पत्रकं काढायचे, भेसळीविरुद्ध काढायचे, अंगात येणाऱ्या बुवांविरुद्ध तर वर्षातून चारदा काढायचे. गुलाबी कागद कामगारांचा, पिवळा बुवांचा. मी बाराखडी शिकले ती मागणीपत्रांवर. शाळेत 'माझा आवडता प्राणी' या निबंधाच्या शेवटी मी 'मांजरांना न्याय मिळालाच पाहिजे' असं लिहिलं होतं.

इथल्या वॉटर्लू विद्यापीठात येऊन मी रसायन अभियांत्रिकी शिकले, रेणूंच्या साखळ्यांवर प्रबंध लिहिला आणि नोकरीसाठी सगळीकडे अप्लाय केलं. कोणी दार उघडलं नाही. शेवटी सॅमसन काकांनी उघडलं. तेही शटर होतं.

सॅमसन काका नागावकर मूळचे अलिबागकडचे, बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू. कोकणात यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, धर्माने सांगितलेल्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवायचे. काका म्हणतात, "अगो, मी पण त्याच धंद्यात. फक्त मी गाडीला लावतो." गाड्या चकाकवण्याच्या धंद्यात शनिवार हा सगळ्यात मोठा दिवस. आख्ख्या ब्रॅम्पटनात त्या दिवशी बंद असणारं दुकान एकच, आमचं. दुकानात आम्ही तिघं: काका, मी आणि लुधियान्याचा हरपाल.

पहिल्याच दिवशी काकांनी मला विचारलं, "तुझा तो प्रबंध कशावर होता?"

"पॉलिमर एखाद्या पृष्ठभागाला कसे चिकटतात, त्यावर."

"बरं. हा कपडा घे. दार चिकटलंय त्या व्हॅनचं."

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर आख्खा अंक लागेल. एक बाई बोनेटला खोबरेल लावून आल्या होत्या. केसांना चालतं, मग पत्र्याला का नाही, हा त्यांचा प्रश्न होता आणि रात्रभर त्यांच्या ड्राइव्हवेतल्या खारी त्या प्रश्नाचं उत्तर चाटत होत्या. पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला वॉटर्लूहून यायचा. त्याने बोनेटवर चिकटपट्टीने सोळा चौकोन आखले आणि सोळा कंपन्यांची सीलंटं लावली. सगळ्या हिवाळ्यात दर रविवारी तो तांब्याने पाणी ओतून थेंबांचे फोटो काढायचा. मार्चमध्ये मोठा तक्ता घेऊन आला आणि म्हणाला, "नववा चौकोन सर्वोत्तम. फक्त नवव्यात काय लावलं होतं ते लिहायचं राहिलं." काकांनी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

पण मला सांगायची आहे ती गेल्या दसऱ्याची गोष्ट, कारण तिच्यात चूक माझी होती.

आमच्या मराठी मंडळाने ठरवलं की दसऱ्याला सामुदायिक वाहनपूजा करायची. कम्युनिटी सेंटरचं पार्किंग शनिवारी सकाळी मिळालं. पूजेला गाडी चमकायला हवी आणि पुढे हिवाळाही आहे, म्हणून नऊ जणांनी त्या आठवड्यात गाड्या आमच्याकडे टाकल्या. चार गाड्या बुधवारपर्यंत झाल्या. उरलेल्या पाच शुक्रवारी दुपारी तीनला हातावेगळ्या झाल्या. त्यांत मंडळाचे अध्यक्ष राजूरकर साहेब यांची पांढरीशुभ्र, नवी कोरी एसयूव्हीही होती.

आता हिशेब सोपा आहे. शुक्रवारी दुपारी तीनला लावलेलं सीलंट शनिवारी दुपारी तीनपर्यंत कोरडं राहायला हवं. पूजा सकाळी नऊला. हळद, कुंकू, फुलं, नारळाचं पाणी. पूजा पुढे ढकलता येत नसेल तर निदान त्या पाच गाड्या तरी संध्याकाळपर्यंत मागे ठेवा, एवढंच सांगायचं होतं. शनिवारी काका घराबाहेर पडत नाहीत, मी पूजांना जात नाही, म्हणजे ऐनवेळी सांगायला कोणी असणार नव्हतं. काका म्हणाले, "लेखी दे सगळ्यांना. तू छान लिहितेस."

मला लेखी द्यायला सांगणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.

मी पत्रक काढलं. पिवळ्या कागदावर. 'गाडीधारक बंधू-भगिनींनो!' अशी सुरुवात. मग मिठाचं संकट, मग पॉलिशबद्दल समाजात पसरलेले गैरसमज, मग सीलंटची रचना, मग तेराव्या ओळीत चोवीस तासांचं पथ्य. आणि सगळ्यात खाली, चौकटीत, ठळक अक्षरांत: 'नारळ फोडल्याने ब्रेक लागत नाहीत. ब्रेक दाबल्याने लागतात!'

त्या वाक्याचा सीलंटशी काडीचाही संबंध नव्हता. ते आपोआप आलं. पिवळा कागद समोर असला की माझ्या हातून तसलंच काहीतरी उतरतं.

काकांनी अर्धं पान वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि खाली दुकानाचा शिक्का मारला. हरपालला मराठी वाचता येत नाही. त्याने विचारलं, "इसमें लिखा क्या है?" मी चौकटीतल्या वाक्यासकट अर्थ सांगितला. त्याने हातातला कपडा खाली ठेवला.

"दीदी, ये पर्चा है या पंगा?"

"सच है," मी म्हणाले.

"वो तो ठीक है. पर पूछा किसने था?"

मी पाचही किल्ल्यांना एकेक पत्रक अडकवलं.

शनिवारी काय झालं ते मी तिथे नव्हते म्हणून ऐकीव सांगते. चौकट सगळ्यांनी वाचली. तेरावी ओळ कोणीही वाचली नाही. आठ वाजेपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲपवर 'पूजेवर बंदी घालणाऱ्या दुकानाचा जाहीर निषेध' अशी पोस्ट फिरू लागली होती. इथे बोनेटवर स्वस्तिक काढत नाहीत. ते बघून शेजाऱ्यांच्या अंगावर का काटा येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मंडळाने मागेच ठराव करून 'श्री' काढायचं ठरवलं होतं. त्या दिवशी 'श्री' नेहमीपेक्षा मोठ्या निघाल्या. शिवाय निषेध म्हणून प्रत्येक गाडीवर एकेक तांब्या पाणी जास्त ओतलं गेलं.

रविवारी सकाळी शटर उघडलं तर पाचही गाड्या दारात रांगेने उभ्या. प्रत्येकीच्या बोनेटवर गुलाबी 'श्री', तिच्याखाली बोटांचे पाच ओघळ आणि त्या ओघळांतून थेट नंबरप्लेटपर्यंत गेलेले लाल पाट. सगळ्यांनी घरी धुऊन बघितलं होतं. रंग हललाही नव्हता. सीलंटने आपलं काम चोख केलं होतं. जे मिळालं ते धरून ठेवलं होतं.

राजूरकर साहेब नागपूरचे. रागावले की त्यांचं नागपूर जास्त वर येतं.

"हे काय करून राहिले तुम्ही लोक? माझा पोरगा म्हणते, डॅड, अवर कार इज ब्लीडिंग!"

"साहेब, पत्रकात लिहिलं होतं, चोवीस तास..."

"पत्रकात काय लिहिलं होतं ते मले पाठ आहे."

"मी काढून देते. मशीनवर दहा मिनिटांचं काम आहे प्रत्येकी. मग पुन्हा सीलंट लावू."

"तू?" ते एक पाऊल पुढे आले. "तू श्री पुसशील? तू तर आनंदानं पुसशील!"

बाकीचे चौघं माना हलवू लागले. खरं सांगायचं तर तोपर्यंतचा माझा सगळा लेखी पुरावा त्यांच्याच बाजूचा होता.

मग राजूरकर काकांकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम सभ्य झाला. तो मला जास्त लागला. "काका, तुमच्याबद्दल कोणाले काही नाही. पण पत्रकावर शिक्का तुमचा आहे. लोक काही काही बोलून राहिले. यंदा दिवाळीच्या कार्यक्रमाला तुम्ही जरा लांब राहिलेलं बरं. वातावरण निवळेपर्यंत."

काका म्हणाले, "बरं." मग आत गेले आणि शुक्रवारीच धुतलेले पुसायचे कपडे पुन्हा धुण्याच्या मशीनमध्ये टाकले.

ते 'बरं' म्हणजे काय, हे मला माहीत होतं. रिबेका काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा दूर पश्चिमेला, सस्काटूनला असतो. काका फोनवर मराठीत विचारतात, तो इंग्रजीत उत्तर देतो. काका हिब्रूत प्रार्थना करतात, इंग्रजीत बिलं करतात, हरपालशी हिंदीत भांडतात. मराठीत गप्पा मारायला त्यांच्याकडे एक मी आणि एक मंडळ. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ते दारात उभे राहून येणाऱ्याला गाव विचारतात. पेणचा कोणी निघाला तर त्याला तासभर सोडत नाहीत. हे माझ्या एका चौकटीने बंद केलं होतं.

मी बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. ब्रेकचं वाक्य ऐकून ते मनापासून हसले.

"झकास आहे. पाण्याचं कितव्या ओळीत होतं?"

"तेराव्या."

"आणि पत्रक कशासाठी काढलं होतंस?"

मी टेबलावरचं पिवळं पत्रक घडी घालून खिशात ठेवलं.

"पत्रकात मागणी एक असते, मुक्ता. आम्ही मजुरीवाढीच्या पत्रकात कधी देव आहे की नाही ते लिहिलं नाही. मोर्चात निम्मे लोक माळकरी असायचे."

"मग पिवळी पत्रकं?"

"ती वेगळ्या दिवशी वाटायचो. म्हणून तर दोन रंग होते."

एवढी साधी गोष्ट मला बावीस वर्षं त्या गठ्ठ्यांवर बसून कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पाचही जणांना फोन केले. माफी मागितली. त्यांचं म्हणणं एकच होतं: पुसायला हरकत नाही, पण आधी उत्तरपूजा झाली पाहिजे. मान्य. मंडळाचे गुरुजी कुठे आहेत? गुरुजी पोटासाठी ट्रक चालवतात आणि ते फ्रिजचा माल घेऊन पश्चिमेकडे निघाले होते, परतायला नऊ दिवस. तोपर्यंत पाच गुलाबी गाड्या हायवेवर.

"काका, तुम्ही कराल का उत्तरपूजा? इतकी वर्षं गणपतीला ऐकताय, पाठ असेल."

"पाठ आहे गो. पण मला माझा देव परवानगी देत नाही. तू कर."

"मला बाबा देत नाहीत."

"म्हणजे दोघंही अडकलो."

हरपाल टायर उतरवत होता. "मैं कर दूँ?"

"तुला येते?" मी विचारलं.

"नहीं. पर दिल से कर दूँगा."

त्या क्षणी मला वाटलं, खरा प्रश्न पूजेचा नाहीच. पुसणारा हात कोणाचा, हा आहे. मी दुसरं पत्रक लिहिलं. पांढऱ्या कागदावर. 'चूक माझी आहे, काकांची नाही. तुमच्या हातांनी काढलेली श्री तुमच्या हातांनीच निघावी. रविवारी दहा वाजता दुकानात या. पॉलिश आम्ही देऊ, शिकवू. जुने कपडे घालून या. ब्रेकबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण ते तुम्हाला विचारल्याशिवाय सांगायला नको होतं.'

काकांनी या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, दोनदा. शिक्का मारला. "शेवटचं वाक्य काढशील?" मी नाही म्हणाले. "नको काढू," ते म्हणाले, "नाहीतर त्यांना वाटेल दुसऱ्या कोणी लिहिलंय."

रविवारी पाचही गाड्या आल्या, प्रत्येक गाडीबरोबर आख्खं कुटुंब. बाहेर तापमान शून्याच्या आसपास, आत हीटर लावून अठरा. एका जोडप्याने गुरुजींना फोनच्या स्पीकरवर घेतलं. गुरुजींनी सस्काटूनच्या अलीकडून, चालू इंजिनाच्या घरघरीत, उत्तरपूजा सांगायला घेतली. मधेच म्हणाले, "थांबा, अक्षता हातातच ठेवा, वजनकाट्यावर आहे." सगळे अक्षता हातात धरून, श्वास रोखून, तो ट्रक वजनात बसतो की नाही याची वाट बघत उभे राहिले. बसला. अक्षता पडल्या. मी माझ्या अक्षता मुठीतच ठेवल्या होत्या. त्या नंतर पॉलिशच्या डब्यात सापडल्या.

मग घासणं सुरू झालं. आणि काका जे सुटले, ते सुटले.

"अगो, गोल गोल नको, भाकरी थापतेस काय? सरळ रेषेत! उभं, मग आडवं. ... तुम्ही हो, एवढी पेस्ट? पुरणात तूप घालताय की काय? ... कुठले तुम्ही? रोह्याचे? आणि इतक्या दिवसांत बोलला नाहीत?"

रोह्याच्या गृहस्थांचं बोनेट तिथेच अर्धं राहिलं. काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि रोह्याच्या बाजारातलं कुठलं दुकान अजून आहे, कुठलं गेलं, याची झडती घेतली. त्यांचं उरलेलं बोनेट हरपालने पुसलं. दिल से.

दीड वाजेपर्यंत चार गाड्या स्वच्छ झाल्या. माणसं मात्र हलली नाहीत. कोणीतरी डबा उघडला, कोणीतरी पंपाच्या दुकानातून कॉफी आणली. राजूरकर साहेब कोपऱ्यात त्यांच्या पांढऱ्या गाडीसमोर कपडा हातात घेऊन उभे होते. बोटांचे ओघळ त्यांनी काढले होते. 'श्री' तशीच होती.

काका त्यांच्याजवळ गेले. मी पलीकडच्या गाडीला सीलंट लावत होते, म्हणून सगळं ऐकू आलं.

"काय रे, हात दुखला?"

"नाही." त्यांनी 'श्री'कडे बोट दाखवलं. "आईनं काढली ती. पूजेच्या दुसऱ्याच दिवशी गेली ती परत, नागपूरले. ब्याऐंशीची आहे. आता पुन्हा इतका प्रवास काही जमायचा नाही तिले."

"फोटो काढलायस?"

"काढला ना. पंधरा काढले."

"मग?"

राजूरकरांनी कपडा पुढे केला. "काका, तुम्ही पुसता का?"

"मी पुसलेलं चालेल?"

"तुम्ही पुसलं तर चालते."

काकांनी कपडा घेतला नाही. त्याची घडी उलगडली, एक टोक राजूरकरांच्या हातात राहू दिलं, दुसरं आपण धरलं. "सावकाश. उभं, मग आडवं." दोघं वाकले. गुलाबी रंग कपड्यावर येऊ लागला. हळूहळू शेवटची वेलांटीही निघाली.

मग राजूरकर मान वर न करता म्हणाले, "काका, दिवाळीले जरा लवकर या. दारात उभं राहायले कोणी नाही आहे."

"येतो," काका म्हणाले.

माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. चांगलं होतं, चौकटीत शोभलं असतं. मी ते गिळलं आणि दुसरा कोरडा कपडा आणायला गेले.